'आपल्या वाचकांना झेपणार नाही' हे कोणी ठरवलं?

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या खरेदीच्या यादीत मी एक नाव घातलं होतं, 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी', आणि निवड समितीच्या बैठकीत पाच मिनिटांत ते खोडलं गेलं. कारण काय, तर "आपल्या वाचकांना झेपणार नाही". समितीतल्या कुणी वाचलं होतं का? नाही. एकाने कुठूनतरी ऐकलेली मतं सांगितली की त्यात स्टोरीच नाही, नुसते जोक आहेत, इंग्लंडमधल्या लोकांनाच हसू येईल असलं आहे, आणि तेवढ्यावर निकाल लागला. मी त्या दिवशी गप्प बसले कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला पुस्तक फार आवडतं एवढंच होतं, आणि एकीला आवडतं म्हणून वाचनालयाचे पैसे खर्च करा असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणणार. आता उत्तर आहे, म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डग्लस ॲडम्स हा इंग्रज लेखक, १९५२ चा जन्म, २००१ ला ४९ व्या वर्षी गेला. मार्च १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर ही गोष्ट मालिका म्हणून सुरू झाली, ऑक्टोबर १९७९ मध्ये तिची कादंबरी आली आणि पुढे त्याने अजून चार भाग लिहिले. आर्थर डेंट नावाचा एक साधा माणूस सकाळी उठतो तर दारात बुलडोझर, घर पाडून तिथून बायपास न्यायचाय. हा जाऊन बुलडोझरसमोर चिखलात आडवा पडतो. आणि त्याच दिवशी व्होगॉन नावाच्या परग्रहवाल्यांची जहाजं आकाशात येऊन उभी राहतात आणि जाहीर करतात की अंतराळातल्या हायवेच्या आखणीत तुमची पृथ्वी मधे येतेय तेव्हा ती पाडायचीय. आणि पाडतात, खरंच, सुरुवातीच्या काही प्रकरणांतच. आर्थर तेवढा वाचतो कारण त्याचा मित्र फोर्ड मुळात दुसऱ्या ग्रहावरचा निघतो आणि त्याला घेऊन निसटतो. पुढे मग दोन डोक्यांचा आकाशगंगेचा अध्यक्ष, कायम उदास असलेला मार्विन नावाचा रोबो, कानात घातला की सगळ्या भाषा कळतात असा मासा, असं बरंच काय काय. २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या वाचकांना त्यांची आवडती कादंबरी विचारली तेव्हा हे पुस्तक चौथं आलं होतं. म्हणजे तिकडच्या वाचकांचं मत काय ते माहीतच आहे, मला काळजी इकडची.

तर या पावसाळ्यात आमच्या पडवीत आठ रविवार आम्ही हे पुस्तक वाचलं. गाव आमचं राजापूर-लांजा पट्ट्यातलं, नाव लिहीत नाही, छोटं गाव आहे, माणसं लगेच ओळखू येतात. पुस्तक इंग्रजी, माझी कॉलेजच्या वेळची प्रत, पानं सुटलेली. मी एकेक पान वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगत जायचे, जिथे मला शब्द सुचायचा नाही तिथे कुणीतरी आमच्या बोलीतला काढून द्यायचं आणि बहुतेक वेळा तोच चांगला असायचा. यायचे दहा-बारा जण, लाईट गेली की अजून दोन-चार. जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणून खाडीकडचा एक भाऊ पण यायचा. महसूल खात्यातून रिटायर झालेले एक अण्णा, हायस्कूलचे विज्ञानाचे सर, बारावी झालेल्या दोन मुली, मालगुंडकडचं माहेर असलेली एक ताई, शेजारच्या आजी, आणि एक काका ज्यांची जमीन हायवेत गेली. मी कुणाला निवडून बोलावलं नव्हतं, जे आले ते आले.

पहिल्याच रविवारी घर पाडायचा प्रसंग. कौन्सिलचा माणूस प्रॉसर आर्थरला सांगतो की बायपासचा प्लॅन नऊ महिने ऑफिसात बघायला ठेवलेला होता, हरकत तेव्हा घ्यायची होती. आणि आर्थर सांगतो की तो प्लॅन बघायला त्याला तळघरात उतरावं लागलं, तिथे दिवा नव्हता आणि जिनाही नव्हता, प्लॅन होता एका कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, कपाट ठेवलेलं बंद पडलेल्या संडासात, आणि संडासाच्या दारावर पाटी की बिबट्यापासून सावध राहा. मी इथे थांबले, मला वाटलं आता सगळे हसतील. तर आजींनी विचारलं, "आत खराच वाघ होतो काय गो?" कारण आमच्याकडे बिबट्या विहिरीत पडतो, अंगणातलं कुत्रं उचलून नेतो, ती पाटी आमच्या आजींना अजिबात अशक्य वाटली नाही. आणि काका काहीच न बोलता उठून गेले. मला वाटलं कंटाळले. दहा मिनिटांनी परत आले ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल घेऊन.

फाईलमध्ये नोटीस होती, त्यांच्या आजोबांच्या नावाने. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नाही, जमीन सामाईक, अकरा हिस्सेदार, त्यातले सात मुंबईला आणि एकाचा तर पत्ताच कुणाला माहीत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायचा कायदा १९५६ चा आहे, त्यात असं आहे की अधिसूचना राजपत्रात छापायची, तिचा मजकूर दोन स्थानिक पेपरात द्यायचा, त्यातला एक स्थानिक भाषेतला, आणि तिथून २१ दिवसांत ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यायची. लोक याला थ्री-ए म्हणतात, पुढे थ्री-डी झाली की जमीन सरकारची झाली. काकांच्या बाबतीत हे सगळं नियमाने झालं. ते स्वतःच सांगतात की मला कुणी फसवलं नाही, मोबदला पण मिळाला, हिश्शांच्या भांडणात उशिरा मिळाला पण मिळाला. फक्त त्यांना कळलं कधी, तर मोजणीवाले येऊन आंब्याच्या कलमांमधे खुणा करायला लागले तेव्हा. ते २१ दिवस कधीच होऊन गेले होते. मला म्हणाले, तो परग्रहवाला काय बोलला ते परत वाच. मी वाचलं. व्होगॉन पृथ्वीवरच्या लोकांना सांगतो की पाडकामाचे नकाशे आणि आदेश अल्फा सेंटॉरीच्या प्लॅनिंग ऑफिसात पन्नास वर्षं लावलेले होते, आता ओरडून काय उपयोग. काका म्हणाले, "ह्येका म्हायत आसा."

हेच मला समितीला सांगायचंय. इंग्लंडमध्ये बसून वाचणाऱ्याला ही मस्त अतिशयोक्ती वाटत असेल, आमच्या पडवीत तिच्यातली अतिशयोक्ती बरीचशी गळून पडली. माहिती 'उपलब्ध' आहे म्हणणं आणि माहिती माणसापर्यंत पोचणं यात केवढं अंतर पडू शकतं ते या लेखकाने सरळ ताऱ्यांच्या अंतराने मोजून दाखवलं. हायवेच्या भूसंपादनावर मी आजवर कितीतरी लेख वाचले असतील, मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ ला सुरू झालं तेव्हापासून वाचतेय, त्यात आकडे असतात, राग असतो, पण काकांनी फाईल आणायला घरी जावं असं त्यातल्या एकाही लेखाने केलं नाही. विनोदाने केलं, आणि तोही अंतराळातल्या विनोदाने. मग हे पुस्तक कुणाला झेपत नाहीये नक्की?

अण्णांचं मत वेगळं होतं आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणाले, सगळ्या पुस्तकात मला तो प्रॉसरच खरा माणूस वाटला. वरून ऑर्डर आलेली, समोर चिखलात माणूस पडलेला, आणि दोन्हीकडून शिव्या यालाच. अण्णांनी स्वतः पंचनामे केलेत, मोजण्यांना उभे राहिलेत, ते म्हणाले की लोकांना वाटतं आम्हाला मजा येते, आम्हाला रात्री झोप लागायची नाही. पण मग व्होगॉनांबद्दल पुस्तकात जे आहे, की ते दुष्ट नाहीत, फक्त सख्ख्या आजीला वाचवायचं असेल तरी त्यांना सही-शिक्क्याचा आदेश लागतो आणि तोही तीन प्रतींत, ते ऐकून अण्णा खूप हसले आणि मग बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, प्रॉसरचा व्होगॉन व्हायला साधारण तीस वर्षं लागतात. मी हे लगेच वहीत लिहून ठेवलं. या पुस्तकाबद्दल मी बरंच वाचलंय पण प्रॉसर आणि व्होगॉन हा एकाच माणसाचा प्रवास आहे असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही, आणि हे म्हणायला चाळीस वर्षं फायलीत गेलेला माणूसच हवा होता.

एक सांगायला हवं, बारावीच्या दोघींपैकी एकीने यावर चांगलं भांडण काढलं. तिचं म्हणणं की रस्ता नको असं इथे कोण म्हणतंय? तिच्या मावशीला रात्री रत्नागिरीला न्यायचं होतं आणि खड्ड्यांतून अँब्युलन्सला किती वेळ लागला ते तिने सांगितलं, आणि म्हणाली की बायपासची चेष्टा करणं सोपं असतं ज्यांच्याकडे बायपास असतो त्यांना. तिचं बरोबर आहे. मला वाटतं पुस्तकही तिच्या विरुद्ध जात नाही, कारण तिथे रस्ता का हवा असं आर्थर विचारतो तेव्हा प्रॉसरकडे उत्तरच नसतं, बायपास आहे म्हणजे तो बांधायलाच हवा एवढंच त्याला माहीत. आमच्या मुलीकडे उत्तर आहे, तिची मावशी. ज्या कामाला असं नाव-गाव असलेलं उत्तर देता येतं त्याची चेष्टा या पुस्तकात कुठेच नाही. पण तिला हे पटलं नाही, ती अजून म्हणते लेखक शहरातला वाटतो, आणि मी तिचं मत आहे तसं इथे लिहिते.

आता देवमासा. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना हा प्रसंग माहीत असतोच, बहुतेक लोक हा सगळ्यात मोठा जोक म्हणून सांगतात. आर्थर ज्यात आहे त्या जहाजावर दोन क्षेपणास्त्रं चालून येतात, जहाजाचं असंभवाचं इंजिन, म्हणजे अशक्य ते घडवून आणणारं, चालू होतं, आणि क्षेपणास्त्रांच्या जागी एक देवमासा आणि एक फुलांची कुंडी तयार होते, तीही परक्या ग्रहाच्या आभाळात मैलोनमैल उंचावर. देवमाशाला आपण कोण हेच माहीत नाही, तो नुकताच झालाय. पडता पडता तो एकेका गोष्टीला नाव देतो, हा वारा, ही शेपटी, आणि ते खालून जे मोठं सपाट काहीतरी जवळ येतंय त्याला जमीन म्हणूया, ती माझ्याशी मैत्री करेल का. मग संपतो.

मी हे वाचल्यावर दोघं-तिघं हसले. मालगुंडची ताई उठून आत गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीच्या दिवसांत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, आठवत असेल तुम्हाला. गावातली माणसं, मच्छीमार, वनखात्याची माणसं, सगळे त्याच्यावर पाणी ओतत होते, ओली कापडं टाकत होते, त्याला समुद्रात ढकलायला दोन दिवस झटले, आणि ते काही जगलं नाही. ताई तेव्हा माहेरी होती, कळशी घेऊन गेली होती. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली की मी त्याच्या डोळ्याकडे बघत होते आणि मला सारखं वाटत होतं हे आपल्याला काय समजत असेल, आपण त्याला मारतोय का वाचवतोय हे तरी त्याला कळत असेल का, आणि हा लेखक नेमकं तेच लिहितो आणि लोक याला जोक कसं म्हणतात.

मला यावर खूप विचार करावा लागला, दोन रात्री तरी. कारण जोक आहेच तो, मी स्वतः पहिल्यांदा वाचला तेव्हा पोट धरून हसले होते. पण ताईने सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं की तो प्रसंग हसवतो तो देवमाशाला हसून नाही, इतक्या थोड्या वेळात त्याला एवढी हौस आहे जगायची, म्हणून हसू येतं आणि म्हणूनच नंतर घशाशी येतं. ॲडम्स पुढे मार्क कारवर्डाइन या प्राणीशास्त्रज्ञाबरोबर जगभर फिरला, नामशेष व्हायला आलेले प्राणी बघायला, आणि त्यावर १९९० साली 'लास्ट चान्स टू सी' हे पुस्तक दोघांनी मिळून लिहिलं. हे मला माहीत होतं पण या प्रसंगाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. ज्याने तो आभाळातून पडणारा देवमासा लिहिला तोच दहा वर्षांनी नामशेष होणाऱ्या जिवांच्या मागे जगभर जातो, हे मला आता अगदी साहजिक वाटतं.

'स्टोरीच नाही' या तक्रारीबद्दल मात्र माझ्याआधी खाडीकडच्या भावाने उत्तर दिलं. चौथ्या की पाचव्या रविवारी सर वैतागून म्हणाले की अहो हे चाललंय कुठे, मधेच माशाची माहिती, मधेच कवितेची माहिती, मधेच टॉवेल किती उपयोगी ते, मूळ गोष्ट राहिली बाजूला. त्यावर भाऊ म्हणाला, "सर, ही गोष्ट न्हय, ही गजाल आसा." बास. मी इतकी वर्षं या पुस्तकासाठी शब्द शोधत होते. गजाल म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत, आमच्याकडे गजाल सांगणाऱ्याला मान असतो, तो बाजाराला गेलेल्या माणसाची गोष्ट सुरू करतो आणि वाटेत त्या माणसाच्या म्हशीचा इतिहास सांगतो, म्हशीवरून देवळाच्या मानपानाचा वाद, आणि बाजार राहतो तिथेच, आणि ऐकणारा कुणी विचारत नाही की बाजारात काय झालं, कारण माणूस कळला म्हशीवरून आणि वादावरून. हे पुस्तक आधी रेडिओवर ऐकायची गोष्ट होती, कानासाठी लिहिलेलं, म्हणून त्याची चाल अशी. आणि शेवट एकदम तुटल्यासारखा होतो त्याचं कारण ॲडम्सनेच लिहून ठेवलंय, इतक्या मुदती चुकवल्या होत्या की शेवटी प्रकाशकाने सांगितलं, चालू आहे ते पान पुरं कर आणि दे. शेवटाबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही, शेवट फसलाच आहे. पण मधलं भटकणं हा दोष आहे असं जे म्हणतात त्यांनी रात्रभर दशावतार बघितलेला नसणार. तिथे संहिता लिहिलेली नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचतात, संकासुर येऊन हसवून जातो, राजा युद्धाला निघता निघता भलत्याच विषयावर बोलत उभा राहतो आणि पहाटेपर्यंत लोक खुर्च्या सोडत नाहीत. ही सवय असलेल्या वाचकाला अजून एक भटकी गोष्ट झेपणार नाही असं कसं म्हणता येईल?

आणि परशुराम! हे मला सुचलंच नव्हतं, आजींनी काढलं. पुस्तकात एक म्हातारा आहे, स्लार्टीबार्टफास्ट, त्याचा धंदा किनारे बनवायचा. पृथ्वी तयार होत होती तेव्हा नॉर्वेचा किनारा याने केला, त्या आत आत शिरलेल्या खाड्या, आणि त्यासाठी त्याला बक्षीस मिळालं, अजून त्याचा त्याला अभिमान. आजी म्हणाल्या, मग आपला परशुरामान केल्यान तसाच मा. समुद्रात बाण मारून जमीन मिळवली ही गोष्ट ज्यांनी पाळण्यात ऐकली त्यांना किनारा बनवणारा म्हातारा समजावून सांगावा लागला नाही. मग सरांनी त्यात भर घातली की नॉर्वेच्या खाड्या बर्फाच्या नद्यांनी खोदल्या आणि आपल्या खाड्या म्हणजे समुद्र आत येऊन बुडालेली नद्यांची मुखं, दिसायला सारखं असलं तरी कारण वेगळं. म्हणजे बघा, गोष्टीतून विज्ञान निघालंच.

सरांची मूळ हरकत मला खरंच महत्त्वाची वाटते म्हणून तिच्याबद्दल नीट लिहिते. सर म्हणतात विज्ञानकथेत विज्ञान पाहिजे. आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, कथेतून विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं ही तळमळ होती. मी शाळेत नारळीकर वाचूनच आकाशाकडे बघायला लागले, ते ऋण मी विसरणार नाही. पण त्यातून आपल्याला एक सवय लागली की अंतराळ म्हटलं की आपण विचारतो यातून काय शिकलो, आणि विनोद म्हटलं की विचारतो कुणाच्या चाळीतला, कुणाच्या लग्नातला. विनोदी आणि अंतराळातलं असं एकत्र आलं की ते कुठल्या कपाटात ठेवायचं हेच आपल्याला कळत नाही, मग आपण ते घेतच नाही. सरांच्या म्हणण्याप्रमाणे असंभवाचं इंजिन हे विज्ञान नाही. नाहीच. पण व्होगॉनांची नोटीस अल्फा सेंटॉरीला लावली होती म्हटल्यावर मुलींनी विचारलं अल्फा सेंटॉरी कुठे आहे, आणि पुढचा पाऊण तास सर प्रकाशवर्ष म्हणजे काय ते सांगत होते. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळची ताऱ्यांची जोडी-तिकडी तीच, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर. नरतुरंगातला तारा. आपल्याकडून दिसतो पण, मे अखेरीला रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर, म्हणजे घरातून झाडांमुळे दिसत नाही, सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर, जावं लागतं. आता येत्या मे महिन्यात सड्यावर जायचं ठरलंय, सर नेणार आहेत. विजयदुर्गला २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला नॉर्मन लॉकियर हा खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडहून आला होता हे पण सरांनीच त्या दिवशी सांगितलं. आमच्या किनाऱ्याचं आभाळ बघायला तो इतक्या लांबून आला, आणि आमची समिती म्हणते अंतराळाची कादंबरी आमच्या किनाऱ्याला झेपणार नाही.

४२ बद्दल सगळे विचारतात म्हणून, पण मला त्यात फार रस नाही. एक प्रचंड कॉम्प्युटर पंचाहत्तर लाख वर्षं विचार करून जीवनाचं उत्तर ४२ असं देतो आणि मग कळतं की प्रश्न काय होता तेच कुणाला माहीत नाही. लोक त्या आकड्यात गूढ अर्थ शोधतात, पण ॲडम्सनेच सांगितलं होतं की तो एक साधा आकडा, जोक म्हणून घेतलेला. आमच्याकडे कुणी त्यावर फार थांबलं नाही.

ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहायलाच हव्यात. ट्रिलियन. सगळ्या पुस्तकात ठळक अशी एकच बाई, गणित आणि खगोलभौतिकी शिकलेली, आणि तिला काम काय दिलंय? दोन्ही मुलींना हे टोचलं, त्यांच्यातली दुसरी, जी एरवी कधी बोलत नाही, ती म्हणाली की रोबोला पण तिच्यापेक्षा जास्त मन आहे. मला कॉलेजात असताना हे जाणवलंही नव्हतं याचं आता वाईट वाटतं. दुसरं, मधला काही भाग असा आहे की जोकवर जोक येतात आणि माणूस थकतो, दोन रविवार आमच्याकडे लोक जांभया देत होते हे खरं आहे. आणि तिसऱ्या रविवारनंतर एक वहिनी यायच्या बंद झाल्या, वाटेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, माका नाय आवडला, सगळी पृथ्वी मेली आणि कोण रडलाच नाय. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. हे मत मला मोबाईलवरच्या किंवा पेपरातल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा वजनदार वाटतं, कारण त्यांनी तीन रविवार बसून ऐकलं आणि मग नाकारलं.

फरक इथेच आहे ना. वहिनींनी ऐकून नाकारलं, समितीने न वाचता वाचकांच्या वतीने नाकारलं. नावडणं हा वाचकाचा हक्क आहे, पण तो हक्क वापरायला आधी पुस्तक कपाटात तरी यायला पाहिजे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, आणि तिथे तर २०२१ च्या पुरात पुस्तकं गेली तेव्हा लोकांनी परत उभं केलं. या किनाऱ्यावर वाचणारी माणसं दोनशे वर्षं आहेत. छोट्या ड वर्गाच्या वाचनालयाकडे पैसे कमी असतात हे मला मान्य आहे, मी त्याच समितीत बसते, मला हिशोब माहीत आहे, दरवर्षी अनुदान येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. पण त्याच पैशात आपण एकाच साच्यातली व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं घेतो, यशाचे सात मार्ग आणि दहा मार्ग, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही की ती झेपतात का, वाचली तरी जातात का. इश्यू रजिस्टर काढून बघा, कित्येकांवर एकही तारीख नाही.

माझी मागणी छोटी आहे. कुठलंही पुस्तक 'झेपणार नाही' म्हणून खोडायचं असेल तर खोडणाऱ्याने निदान एक प्रकरण चार वाचकांसमोर मोठ्याने वाचावं आणि मग खोडावं. इंग्रजी असेल तर तोंडी मराठीत सांगावं, आम्ही तसंच केलं, काही अडलं नाही.

पुढची खरेदीची बैठक दसऱ्यानंतर आहे. वाचनालयात वाचकांच्या मागणीची एक वही असते, कोपऱ्यात टांगलेली, बहुतेक कोरीच असते. गेल्या शनिवारी त्यात हे नाव परत लिहिलं, यावेळी मी नाही, रविवारच्या मंडळींनी लिहिलं, आणि खाली नऊ सह्या आहेत. वहीत शेवटी कारणाचा रकाना आहे. ताईने तो रिकामा ठेवलाय. अण्णांनी 'वाचनीय' लिहिलंय. सरांनी चार ओळी लिहिल्यात त्या रकान्यात मावलेल्या नाहीत. काकांनी लिहिलंय, नोटिशीचा भाग पुन्हा ऐकायचा आहे.